समुद्रकाठच्या सखल गावाचा अभ्यास कसा करावा : कोल्हापुरातील शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी

मालवण कोल्हापूरकरांना परके नाही. फोंडा घाटातून किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने उतरले की काही तासांत समुद्र गाठता येतो, आणि आपल्याकडील अनेक शाळा-महाविद्यालयांच्या सहली त्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या असतात. तरीही भूगोल, समाजशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र या विषयांच्या प्रकल्पांत किनाऱ्यावरील सखल वस्तीविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा समुद्राची पातळी वाढत असल्याची दोन वाक्ये, लाटांची काही छायाचित्रे आणि शासनाने उपाययोजना करावी अशी शिफारस, एवढ्यावर थांबते. त्या गावातील माणसे पाण्याचा रोजचा हिशेब कसा ठेवतात, हे त्यात येत नाही. ते यावे, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

उदाहरण म्हणून मालवण तालुक्यातील देवबाग घेतले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, दक्षिणेला त्या दोन पाण्यांचा संगम आणि त्यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सावलीत वसलेली घरे, अशी या गावाची ठेवण आहे. जमिनीवरून येण्याजाण्याचा मार्ग उत्तरेकडून, तारकर्लीच्या बाजूनेच आहे. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे अशा पट्टीवर आयुष्य काढणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याला नकाशावरून येत नाही. अभ्यासाचे सूत्र मात्र पहिल्यापासून स्पष्ट असावे. पाणी किती वर आले, हा प्रश्न नंतरचा आहे. ते केव्हा वर येते आणि त्या वेळी कोणाचे कोणते काम अडते किंवा सुरू होते, हे आधी विचारावे.

आधी पंचगंगेकाठी सराव करावा

किनाऱ्यावर जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातील एखाद्या नदीकाठच्या गावात न्यावे, असा माझा आग्रह आहे. पाण्याजवळ राहणाऱ्या माणसांशी बोलायचे कसे, हे आपल्या भाषेत आणि आपल्या नात्यागोत्याच्या माणसांत शिकणे सोपे जाते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली, ही चौकशी कोल्हापुरात घरोघरी होते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी लहान मुलांनाही पाठ असते. पण त्रेचाळीस फुटांना चिखलीतील कोणत्या गल्लीत पाणी शिरते, जनावरे कधी सोडायची हे कोण ठरवते, धान्य माळ्यावर कोण चढवते, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा अनेक घरांच्या भिंतींवर अजून दाखवल्या जातात. विद्यार्थ्यांनी टेप घेऊन जोत्यापासून त्या खुणांपर्यंतची उंची मोजावी, घरातील मोठ्या माणसाला प्रत्येक खुणेची हकीकत विचारावी आणि वहीत मोजमाप व हकीकत शेजारी-शेजारी लिहावी. पुढे किनाऱ्यावर हीच सवय उपयोगी पडणार आहे.

चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला उंचावर भूखंड मिळालेले आहेत, आणि तरीही मूळ गावातील वस्ती उठलेली नाही. शेत नदीकाठी आहे, गोठा तिथे आहे, रोजचे काम तिथे आहे. सखल जागा माणसे का सोडत नाहीत, याचे उत्तर इथेच ऐकून घेतलेला विद्यार्थी देवबागला गेल्यावर 'तुम्ही दुसरीकडे का जात नाही?' असा भाबडा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारत नाही.

दोन्हीकडच्या पाण्यातील फरकही आधीच समजावून सांगावा. नदीचा पूर चढतो, काही दिवस राहतो आणि उतरताना गाळ टाकून जातो. घर पडले तरी जागा बहुतेक वेळा जागेवर असते. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, विहिरीत आणि शेतात मीठ ठेवून जातो, आणि कधी कधी जमीनच नेतो. म्हणून पुराच्या प्रश्नावलीत नुसते शब्द बदलून ती किनाऱ्यावर वापरू नये.

जाण्यापूर्वीचे कागद

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, हे लक्षात ठेवले नाही तर जुनी कागदपत्रे शोधताना वेळ वाया जातो. त्याआधीचे बहुतेक सर्व रत्नागिरीच्या नावाखाली सापडते. ब्रिटिश काळातील रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटिअर १८८० सालचा आहे आणि त्यात किनाऱ्यावरील बंदरे, मासेमारी व जाती-व्यवसाय यांचे तपशील मिळतात. कोल्हापूरच्या अभ्यासकाला आणखी एक दार उघडे आहे. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ च्या तहापर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होता, त्यामुळे त्या किनाऱ्याशी संबंधित जुन्या कागदांची चौकशी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अवश्य करावी. हाती फार काही लागले नाही, तरी घाटावरचे राज्य आणि खालचे बंदर यांचा संबंध सहलीपुरता नव्हता, एवढे विद्यार्थ्यांना कळते.

नकाशांबाबत एकच सूचना पुरेशी आहे. उपग्रहाची जुनी-नवी चित्रे शेजारी ठेवून किनारारेषा किती सरकली, असे घाईने लिहू नये. चित्र भरतीच्या वेळचे की ओहोटीच्या वेळचे, मे महिन्यातले की सप्टेंबरातले, यावर वाळूची दिसणारी रुंदी अवलंबून असते. गावाच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे, त्यामुळे खाडीकडची कडही तितक्याच काळजीने पाहावी. कर्लीच्या मुखाजवळील वाळूचे पट्टे जागा बदलत राहतात, आणि त्यांतीलच एक पट्टा पर्यटकांना त्सुनामी आयलंड म्हणून दाखवला जातो.

तिथी पाहून दिवस ठरवावा

कोल्हापुरात अभ्यासदौऱ्याची तारीख सुट्टी आणि एसटीचे आरक्षण पाहून ठरते. या अभ्यासासाठी ती पंचांग पाहून ठरवावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि चढउतार कमी होतो. एकाच गावात एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला राहिल्याशिवाय पाण्याची चाल समजत नाही.

भरतीची वेळ काढण्याची पारंपरिक रीत विद्यार्थ्यांना शिकवावी. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळपणे मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. तिच्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दररोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे दक्षिण कोकणात ती मुंबईच्या आधी येते, आणि तिथला चढउतारही मुंबईपेक्षा कमी असतो. विद्यार्थ्यांनी हिशेबाने काढलेली वेळ, छापील भरती-कोष्टकातील वेळ आणि गावातील एखाद्या अनुभवी मच्छीमाराने सांगितलेली वेळ या तिन्ही एका ओळीत लिहाव्यात आणि प्रत्यक्ष पाहून पडताळाव्यात. या एका नोंदीतून गावाच्या ज्ञानाविषयी जो आदर निर्माण होतो, तो व्याख्यानाने होत नाही.

ऋतूंचा विचार वेगळा करावा. पावसाळ्यानंतर, थंडीत आणि मे महिन्याच्या अखेरीस अशा निदान तीन भेटी आवश्यक आहेत, कारण विहीर, वाळू आणि मासेमारी या तिन्ही गोष्टी ऋतूप्रमाणे बदलतात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीची बंदी असते. तेव्हा घरातील पुरुष गावात असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि निवांत बोलायला वेळ असतो. पण त्या काळात समुद्र खवळलेला असतो. पावसाळ्यात विद्यार्थ्यांचा गट लाटांच्या बाजूला कधीही नेऊ नये. त्या दिवसांत शिक्षकाने एकट्याने जाऊन घरांत बसून मुलाखती घ्याव्यात. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र उंच लाटांचे इशारे देत असते, ते निघण्यापूर्वी आणि मुक्कामात रोज सकाळी पाहावेत. एप्रिल-मे महिन्यांत आकाश स्वच्छ आणि वारा शांत असतानाही दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर चढू शकतात. हवा चांगली आहे एवढ्यावरून समुद्र सुरक्षित समजू नये.

गावात गेल्यावर

प्रथम ग्रामपंचायतीत जाऊन सरपंच आणि ग्रामसेवकांना अभ्यासाचा हेतू सांगणारे पत्र द्यावे, आणि त्यानंतर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत व शाळेत जावे. मुक्कामासाठी शक्यतो एखाद्या कुटुंबाची न्याहारी-निवासाची सोय घ्यावी. पैसे गावात राहतात, आणि पहाटे होड्या निघताना व संध्याकाळी परतताना आपण तिथेच असतो. किनाऱ्यावरील सगळी माणसे मासेमारी करतात, असे गृहीत धरू नये. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर गाबीत समाज मासेमारीत प्रमुख आहे. त्याशिवाय माडांची बागायत करणारी, दुकाने चालवणारी, पर्यटकांच्या नौका चालवणारी, आणि मुंबईला नोकरी करून गणपतीला घर उघडणारी कुटुंबेही त्याच वाळूवर राहतात. बंद घरांचीही नोंद ठेवावी. त्यांची माहिती शेजारी देतात.

विहिरीपासून सुरुवात

माझ्या मते अशा गावाचा अभ्यास समुद्रावरून न सुरू करता विहिरीवरून सुरू करावा. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी जड असते. घायबेन आणि हर्ट्झबर्ग या अभ्यासकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. हिशेब उलटाही चालतो. उपशाने वरची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर येऊ शकते. म्हणूनच चिंचोळ्या वाळूपट्टीवर नव्या निवासांना बसवलेले पंप आणि शेजारच्या घरातील विहीर यांचा संबंध समुद्राच्या पातळीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

नोंद करण्याची रीत सोपी आहे. समुद्राच्या बाजूची, मधली आणि खाडीच्या बाजूची, अशा एका सरळ रेषेतील विहिरी निवडाव्यात. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक कायमची जागा ठरवून तिथून पाण्यापर्यंतचे अंतर टेपला वजन बांधून मोजावे, आणि पाण्याचा नमुना घेऊन टीडीएस मीटरने त्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण पाहावे. ही मोजणी भरतीला आणि ओहोटीला, दोन्ही वेळा करावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० असते. मीटर खिशात मावणारा आणि स्वस्त असतो, परंतु तो मीठ आणि इतर क्षार वेगळे दाखवत नाही, ही त्याची मर्यादा अहवालात लिहावी.

मीटर बाहेर काढण्यापूर्वी घरातील बाईंना विचारावे. "काकी, विहिरीचं पाणी वर्षभर चालतं का?" असे साधे विचारले आणि "पावसात चलता, मे महिन्यात मचूळ लागता, डाळ शिजणा नाय," असे उत्तर आले, तर त्यात ऋतू, चव आणि पाण्याचा जडपणा अशा तिन्ही गोष्टी आलेल्या आहेत. ते उत्तर जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे आणि त्याच्या शेजारी मीटरचा आकडा लिहावा. मग पुढचे विचारावे: डाळीसाठी पाणी कुठून आणता, ते कोण आणते, आणि टँकर किंवा नळ येण्यापूर्वी काय करत होता? पाणी खारावल्याचा भार घरात कोणावर पडतो, हे या प्रश्नांतून कळते.

वाळूचा उतार मोजणे

किनाऱ्याची झीज डोळ्यांनी ठरवता येत नाही. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. अमेरिकेतील सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ साली मांडलेली दोन काठ्यांची पद्धत शालेय विद्यार्थ्यांनाही जमते. अगदी सारख्या लांबीच्या दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घेऊन त्यांवर वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि दोघींमध्ये दोन मीटर लांबीची दोरी बांधावी. एक काठी जमिनीकडे आणि दुसरी समुद्राकडे, दोरी आडवी व ताठ राहील अशी उभी धरावी. मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने समुद्राकडील काठीचे टोक क्षितिजाच्या रेषेशी जुळवावे, आणि ती नजर जमिनीकडील काठीला जिथे छेदते तिथली खूण वाचावी. तेवढे सेंटिमीटर वाळू त्या दोन मीटरांत खाली उतरलेली असते. वाळू समुद्राकडे चढत असेल, तर उलट करावे : जमिनीकडील काठीचे टोक क्षितिजाशी जुळवून खूण समुद्राकडील काठीवर वाचावी आणि आकड्यापुढे चढाची खूण करावी. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी, पुढची आणखी दोन मीटर पुढे, असे करत पाण्यापर्यंत जावे. पाण्याच्या कडेला पोहोचल्याची वेळ लिहायला विसरू नये.

हे काम पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी सुरू करावे, म्हणजे वाळूचा अधिक भाग मोजता येतो. काठी मऊ वाळूत खचू नये म्हणून तिच्या तळाला लाकडी चकती लावावी. सुरुवातीची जागा मात्र न हलणारी हवी. देवळाची पायरी, पक्क्या विहिरीचा कठडा किंवा शाळेच्या इमारतीचा कोपरा चालतो. माड कधीही निवडू नये. किनाऱ्याकडचा माड हीच पहिली पडणारी गोष्ट असते.

मे महिन्यातील मोजणीची तुलना पुढच्या मे महिन्याशीच करावी. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि शांत हंगामात तिचा मोठा भाग परत येतो, त्यामुळे उन्हाळा आणि सप्टेंबर यांची तुलना करून गाव बुडत असल्याचा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल. तसेच झिजेचे कारण एकच आहे असे मानू नये. जगाच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग अलीकडे अधिक आहे, हे खरे आहे. पण एखाद्या विशिष्ट गावाची वाळू जाण्यामागे नदीतून येणारी वाळू कमी होणे, खाडीतील उपसा, मुखाची बदलती दिशा आणि शेजारी बांधलेली भिंत हीसुद्धा कारणे असू शकतात. विद्यार्थ्यांनी प्रत्येक कारणासमोर आपण काय पाहिले, काय ऐकले आणि काय वाचले, हे वेगवेगळे लिहावे.

रापण आणि बंधारा

या अभ्यासाचा गाभा इथे आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. रापण ही मालवणच्या किनाऱ्यावरील सामुदायिक मासेमारी आहे. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांत उभी राहिलेली माणसे ते ओढत हळूहळू एकमेकांकडे सरकतात. तरुण, म्हातारे, बाया, शाळा सुटलेली मुले, ज्याला जमेल तो दोराला हात लावतो. जाळे वाळूवर आले की तारली, बांगडा, पेडवे असे जे मिळेल त्याचे वाटे होतात. रापणीत सभासद किती, होडीला आणि जाळ्याला वाटा किती धरतात, आजारी सभासदाच्या घरी वाटा जातो का, ओढायला मदत करणाऱ्या बाहेरच्या माणसाला काय मिळते, हे शांतपणे विचारून लिहावे. गावागावांत नियम वेगळे असतात आणि त्यांतूनच गावाची रचना दिसते. पाहायला गेल्यावर विद्यार्थ्यांनी बाजूला उभे राहून छायाचित्रे काढत बसू नये. दोर धरावा.

या सगळ्याला एक गोष्ट लागते : मोकळी, उताराची वाळू. होडी ओढून वर घ्यायला, जाळे पसरायला, मासळी सुकवायला, दोर ओढताना पाय रोवायला तीच जागा. आता घर वाचवण्यासाठी दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधला, की त्याच्या मागचे घर आणि माड काही काळ सुरक्षित होतात. परंतु बंधाऱ्यासमोरची वाळू लाटांच्या माऱ्याने खाली जाऊ शकते, होडी वर घेण्याची वाट दगडांनी अडते, आणि बंधारा जिथे संपतो तिथे, म्हणजे शेजाऱ्याच्या जागेसमोर, झीज वाढू शकते. एकाच कुटुंबातील भाऊ घराच्या बाजूने बंधारा मागतो आणि दुसरा रापणीसाठी वाट मागतो, असे होऊ शकते, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते. विद्यार्थ्यांनी कोणाची बाजू बरोबर, याचा निकाल देऊ नये. बंधारा कुठून कुठपर्यंत आहे, होड्यांसाठी वाट कुठे ठेवली आहे, ती ठरवताना कोणाला विचारले होते, बंधाऱ्यापूर्वी मासळी कुठे सुकत होती आणि आता कुठे सुकते, हे पायी चालत नकाशावर उतरवावे. सुकवण्याची जागा गेली, तर सुकी मासळी विकणाऱ्या बाईची कमाई जाते. आपल्याकडच्या आठवडी बाजारात ज्यांच्यासमोर गोणपाटावर सुकट मांडलेली असते, त्यांच्या मालाचा प्रवास कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या अशाच वाळूवरून सुरू होतो.

पर्यटनाकडेही याच नजरेने पाहावे. न्याहारी-निवास आणि नौकाविहाराने अनेक घरांना उभारी दिली आहे, मुलांना मुंबईला न जाता गावात काम मिळाले आहे. त्याच वेळी पाण्याचा उपसा, कचरा आणि वाळूवरच्या जागेची चढाओढ वाढली आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ मध्ये आले, २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. भरतीरेषेपासूनच्या अंतरावर बांधकामाची परवानगी अवलंबून असल्यामुळे, दोन पाण्यांमधल्या चिंचोळ्या गावात साधी घरदुरुस्तीही कागदांत अडकू शकते. जमिनीचा प्रश्न विचारताना फार सांभाळून विचारावे. समुद्राने नेलेली जागा सातबाऱ्यावर तशीच दिसत असू शकते, आणि तिच्यावर भावकीतील वाद चालू असू शकतो.

आठवणी कशा विचाराव्यात

'वीस वर्षांपूर्वी समुद्र कुठे होता?' असा प्रश्न निरुपयोगी आहे. माणसे वर्षांनी आठवत नाहीत, प्रसंगांनी आठवतात. तौक्ते वादळ आले तेव्हा, म्हणजे मे २०२१ मध्ये, पाणी कोणत्या माडापर्यंत आले, क्यारच्या वेळी, म्हणजे २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास, होड्या कुठे नेल्या, २००९ च्या फयानमध्ये घरातील कोण समुद्रात होते, असे विचारावे. त्याहून जुन्या काळासाठी लग्न, मुलाचा जन्म, घराचे जोते घातल्याचे वर्ष किंवा आंगणेवाडीची जत्रा यांचा आधार घ्यावा. म्हाताऱ्या माणसाला शक्यतो किनाऱ्यावर चालवत न्यावे आणि जुन्या जागा दाखवायला सांगाव्यात; हात करून दाखवलेली जागा जीपीएसने नोंदवावी. दोघांच्या सांगण्यात फरक आला, तर दोन्ही सांगणी ठेवावीत आणि मधली सरासरी काढू नये.

फयानसारखा विषय निघाला आणि समोरचा माणूस गप्प झाला, तर वही मिटवावी. त्या वादळात कोकणातील मच्छीमार कुटुंबांनी माणसे गमावली आहेत. आपला प्रकल्प त्या दुःखापेक्षा मोठा नाही. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि वाद, कर्ज किंवा परवाने यांविषयी सांगितलेल्या गोष्टींत नावे लिहू नयेत.

अहवाल आणि त्यानंतर

अहवाल मराठीत लिहावा. तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचता आला पाहिजे. छापण्यापूर्वी त्याचा कच्चा खर्डा गावात वाचून दाखवावा, शक्य झाल्यास ग्रामसभेच्या दिवशी, आणि लोकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या वेगळ्या रंगात नोंदवाव्यात. विहिरींचे आकडे ज्या-त्या घराला लेखी द्यावेत, कारण टँकर किंवा नळयोजनेची मागणी करताना ते उपयोगी पडतात. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक मच्छीमार संस्थेत आणि एक आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी.

शेवटच्या पानावर मोजणीच्या सर्व कायम खुणांचे वर्णन असावे : कोणती पायरी, कोणत्या बाजूचा कठडा, तिथून काठ्यांची रेषा कोणत्या दिशेला गेली, मोजणीची तारीख, तिथी आणि पाण्याच्या कडेला पोहोचल्याची वेळ. प्रत्येक खुणेचे छायाचित्र जोडावे, आणि ती खूण गावातील शाळेच्या शिक्षकांनाही प्रत्यक्ष दाखवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी आलेल्या तुकडीला मोजणी त्याच जागेवरून, त्याच तिथीला सुरू करता येईल.